आभाळातली कोलांटी

१९४४चा जानेवारी. सांगलीबाहेरच्या माळावर लष्करभरतीच्या प्रचाराला लढाऊ विमान उतरणार म्हणून सगळं गाव लोटलं होतं. विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकणारी विजयमालाही वडिलांबरोबर, नानासोंबरोबर, आली होती.

विमान आलं तेच गर्जत. सरळ वर चढलं, उलटं झालं, क्षणभर सूर्याला पोट दाखवून लटकलं... आणि मासोळीसारखं वळत खाली आलं. माणसं ओरडत होती. विजयमालाचं मात्र काळीज अजून वरच होतं जणू.

उतरलेला वैमानिक पाणी मागत नेमका तिच्यापुढं आला. नाथाजी पवार, कराडकडचा. गालावर तेलाचे डाग, डोळे हसरे. तिनं तांब्या दिला, पण राहवलं नाही.

"माझा भाऊ ब्रह्मदेशात लढतोय... आणि तुम्ही इथं कोलांट्या मारताय?"

"अगं पोरी—" नानासो दटावू लागले.

"खरं हाय त्यांचं," नाथाजी म्हणाला. "ही कोलांटी लढाईत मारली तर मरणच. वर पोचेस्तोवर वेग संपतो. शत्रूला आयतं सावज."

"मग शिकता कशाला?"

"हाताला विमान कळावं म्हणून." तो घोटभर पाणी प्यायला. "मागल्या महिन्यात तिकडंच, ब्रह्मदेशात, जपानी विमान माझ्या पाठीला लागलं. ते माझ्यापेक्षा चटकन वळायचं. गोळ्या पंखात शिरल्या... विचाराला सवडच नव्हती. हातानंच वेग कमी केला, गिरकी घेतली. ते सुसाट माझ्या पुढं निघून गेलं."

"आणि तुम्ही त्याला पाडलंत?"

"छे! खाली सूर मारून पळालो." तो हसला. "शत्रूच्या तोफांचे फोटो होते माझ्याकडं. खाली आपल्या पलटणी त्यांचीच वाट बघत होत्या."

विजयमाला त्याच्या हातांकडं बघतच राहिली. साधेच होते, शेतकऱ्याच्या पोराचे.

नानासोंनी त्याला संध्याकाळी चहाला बोलावलं. चहा निवला, तरी बोलणं संपेना. निघताना तो उंबऱ्याशी घुटमळला.

"उद्या आघाडीवर परत जायचं... पहिल्यांदाच पाय निघंना झालाय."

"का बरं?" तिनं विचारलं. तिला ठाऊक होतं.

"तुमच्यामुळं."

ती लाजली नाही. आतल्या खोलीकडं वळून म्हणाली, "नाना, कराडला यांच्या घरी बोलणी करायला कधी जायचं?"

नानासोंच्या हातातला अडकित्ता थांबला. मग ते मोठ्यानं हसले. "आवं पाव्हणं, ऐकलंत न्हवं?"

"उद्याच जावा," नाथाजी कसाबसा म्हणाला. "मी नसलो तरी चालंल."

"नसून कसं चालेल? मी लग्न कुणाशी करू?" ती म्हणाली.

वैशाखात तो रजेवर आला. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली. हार घालताना त्याच्या हातांचा नेम चुकला; हार तिच्या मुंडावळ्यांत अडकला.

"भ्यालात?" ती पुटपुटली.

"लय!" तो म्हणाला.