दहा जास्त

दिवा जरा इकडे सरकव आणि बस. भुताची गोष्ट सांगा म्हणालास, पण ही भुताची आहे की नाही, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

गाडी जुनी होती. लांब नाकाची, काळी, लख्ख पुसलेली. मालक सत्तरी ओलांडलेले काका, बायको वर्षभरापूर्वी गेलेली. गाडीचा मूळ गिअरबॉक्स मोडला, तसला दुसरा मिळेना, म्हणून त्यांच्या पुतण्यानं भलत्याच गाडीचा बसवून दिला होता. तेव्हापासून स्पीडोमीटर चुकतोय, मोबाईलवर दिसतो त्या वेगापेक्षा काटा दहा जास्त दाखवतो, एवढीच तक्रार.

"एवढंच ना? संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो. मीटर म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जाते. तिच्या टोकाला दात असलेलं चिमुकलं चाक असतं. गिअरबॉक्स बदलला की ते दात जुळत नाहीत आणि काटा थापा मारायला लागतो. चाक बदललं की संपलं. मी बदललं, एकट्यानं चालवून पाहिलं. अचूक! काका खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. "मिस्त्री, अजून दहा जास्तच."

मीटर काढला, खोलला, टेबलावर फिरवून पाहिला, काटा उपसून परत बसवला. गाडीत लावून एक चक्कर मारली. पुन्हा अचूक. काका घेऊन गेले आणि तासाभरात पडक्या चेहऱ्यानं परत आले. आता माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चला, तुम्ही चालवा. काटा बरोबर कसा दाखवत नाही, बघतोच मी."

मी शेजारच्या सीटचं दार उघडलं, तर काका हळूच म्हणाले, "मागे बसता का?... पुढे नको." मिस्त्रीला साहेबासारखं मागे बसवून फिरवणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. मी हसत हसत मागे बसलो.

दुपारच होती, पण आभाळ गच्च भरलेलं. गावाबाहेरचा तो सरळ रस्ता ओस पडला होता. इंजिनाची घरघर आणि काचेच्या फटीतून येणारी वाऱ्याची शीळ, बाकी चिटपाखरू नाही. मोबाईल म्हणाला तीस, काटा चाळीसवर. मोबाईल पन्नास, काटा साठवर.

इथे मी सावरून बसलो. का सांगू? दात चुकले तर चूक वेगाबरोबर वाढते. तीसला थोडी, साठला त्याच्या दुप्पट. आणि काटाच वाकडा बसला असेल, तर उभ्या गाडीतही तो शून्यावर येत नाही. इथे गाडी उभी असली की शून्य आणि चालायला लागली की नेमके दहा जास्त, ते कुठल्याही वेगाला. असा बिघाड असूच शकत नाही. तेवढ्यात पेपरमिंटचा वास आला.

"काका, गोळी खाताय का?"

"मी नाही खात..." ते आरशात बघेनात. "तिला गाडी लागायची. ती चघळायची."

मग ते आपणहून बोलायला लागले. "मला जवळचं दिसायचं नाही, मिस्त्री. काटा ती वाचायची. मी विचारायचो, 'किती गं?' आणि ती सांगायची. दहा वाढवून. मी हळू चालवावं म्हणून! नवा चष्मा केला त्या दिवशी तिचं पितळ उघडं पडलं. चारचौघांत मी तिला खोटारडी म्हणालो. झालं. त्यानंतर मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. गप्प बसायची, गोळी चघळत."

काकांनी शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला.

"दवाखान्यात नेत होतो तेव्हा ती इथेच होती. मी सुसाट निघालेलो. तिनं बोलावं म्हणून विचारलं, 'किती गं?'... विचारतच राहिलो. गिअरबॉक्स त्याच धावपळीत मोडला. दारात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेल्या..." त्यांचा आवाज चिरकला. "माफी मागायची राहून गेली हो. आणि आता ही गाडी रोज दहा जास्त दाखवून टोमणा मारते. म्हणून म्हणतो, एकदाचं दुरुस्त करा."

"टोमणा कसला, काका? काळजी असेल. विचारा की त्यांनाच." कुठून सुचलं कोण जाणे. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

काकांनी शेजारी पाहिलं. "किती गं?..."

काटा थरथरला. सावकाश खाली आला, मोबाईलच्या आकड्यावर येऊन थांबला. पेपरमिंटचा वास विझून गेला.

काकांनी करकचून ब्रेक मारला, गाडी कडेला घेतली, किल्ली काढून मुठीत धरली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "नको... खरं नको सांगूस. चुकलं माझं. पूर्वीसारखं खोटं बोल. बोल ना गं..."

इंजिन बंद. गाडी जागची हलत नव्हती. आणि काटा शून्यावरून उठला. हळूहळू चढत दहावर गेला.

 माझे हात स्वस्थ बसेनात. उतरलो, काकांच्या बाजूचं दार उघडून मीटरच्या मागे हात घातला आणि केबल सोडवून बाहेर ओढली. केबल माझ्या हातात, काटा दहावर.

"उभी आहे गं गाडी," काका डोळे पुसत म्हणाले. "उभीच आहे."

केबल त्यांनी परत लावू दिली नाही. ती बघ, त्या खिळ्याला टांगलीय. गाडी ते तशीच चालवतात आणि काटा चालतो.

परवा वाटेत भेटले. चेहरा खुललेला. म्हणाले, "हल्ली वीस जास्त सांगते. काल तर तीस. मी चालवतो पूर्वीइतकंच हळू, तरी एवढी कशाला घाबरलीय, काही कळत नाही." मी म्हटलं, काका, थोडे दिवस गाडी घरीच ठेवा. ते हसले. "तिला एकटीला?" म्हणाले आणि गाडी सुरू केली.