स्पर्शमाळ

आंबेटेकच्या धनगरवाड्यावर अकरा तान्ही होती आणि लस त्यांतल्या एकालाच दिली होती. आताशा एवढं पुरे असे. नव्या लशीत गोवराचा विषाणू जिवंतच असे, पण पुरता माणसाळवलेला. आजार न देता तो एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाई आणि जाईल तिथं गोवराला दार बंद करी. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. बायका तिला विरजण म्हणत. चमचाभर लावलं की भांडंभर दुधाचं दही होतं, तसं. अट एकच, बाळं एकमेकांच्या जवळ यायला हवीत, एका मांडीवर, एका झोळीत, लाळेला लाळ लागेल अशी. आठवड्याभरात विरजण आपोआप निवे; लाळेत त्याची खूण उरे, पण मग त्या बाळाकडून कुणाला काही जात नसे.

आधीच्या लशींसाठी बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन आशाताई सगुणा येडगे चार-चार तास चढली होती, त्यामुळे तिला या लशीचं भारी कौतुक. तीन आठवड्यांनी तिनं कापसाच्या काड्यांवर अकरा जणांची लाळ गोळा केली आणि शाळेच्या ओसरीवर डॉ. नूपुर वाघुलदेंनी ती यंत्रात घातली.

"अकराच्या अकरा," डॉक्टर म्हणाल्या. "ती येसूसुद्धा. मला वाटलं होतं, तीच राहणार."

तसं सगळ्यांनाच वाटलं होतं. जंगल सोडून खाली वसायच्या कागदावर येसूच्या बापानं सही केली, तेव्हापासून त्या घराशी वाड्याचं बोलणं बंद होतं. जो तिथं जाईल त्याचंही बंद, असं कारभारी बमू कोकरेंनी सांगून ठेवलं होतं.

"मग तिला आली कुणाकडून?" सगुणानं सहज विचारलं.

"ते कळतं. निरोप तोंडोतोंडी जाताना थोडा बदलतो ना, तसा हा विषाणू प्रत्येक बाळात जरासा बदलतो. ते बदल जुळवले की कुणाकडून कुणाला, याची माळ लागते. स्पर्शमाळ." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "म्हादूकडून. थेट. मध्ये कुणी नाही."

म्हादू कारभाऱ्यांचा नातू. त्याची आई बायडा आणि येसूची आई ठकू या सख्ख्या बहिणी. तापानंतर ठकूचं दूध आटलं होतं, तरी पाच महिन्यांची येसू कशी गुबगुबीत. वजन लिहिताना सगुणा दर वेळी शेळीच्या दुधाचं कौतुक करायची आणि ठकू मान खाली घालून हसायची.

"मॅडम, एवढी ओळ पुसा."

"पुसता येत नाही, सगुणाताई. माळ देवळाच्या भिंतीवर लावायची असते. लस कुठून आली ते कळावं म्हणून लोकांनीच मागून घेतलेला नियम आहे."

"मागितला तेव्हा बायडाला कुणी विचारलं नसेल."

डॉक्टरांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. "झाकता येते. पण ज्याच्याकडून लस गेली त्या बाळाच्या आईनं म्हटलं तरच. तिला सगळं समजावून अंगठा घ्यावा लागेल."

बायडा बकऱ्यांच्या वाड्यात लेंड्या झाडत होती. सगुणानं हळू आवाजात सांगितलं. खराटा थांबला नाही.

"थुकीवरनं कळतं व्हय?"

"कळतं."

"आनि कुनी कुनाला पाजलं ते?"

"तेवढं नाही कळत."

"तेवढंच ठिवलंय मग." बायडा हसली. "मामंजी म्हनत्यात, डोंगरात मानसाला कोन बघतंय. बघतंय की."

"म्हणून तर आले. तू म्हणशील तर झाकू. कुणाला दिसणार नाही."

"तुमाला दिसलं न्हवं?"

सगुणानं कागद पुढं केला. बायडानं पदराला बोट पुसून निमूट अंगठा दिला.

रविवारी माळ भिंतीवर लागली. कारभाऱ्यांनी म्हादूचा ठिपका शोधून काढला. त्याच्यापासून पुढं एकही ओळ जात नव्हती. येसूचा ठिपका सुटाच होता, पण त्या घराकडं कुणी बघत नसे. "आमचं पोरगं शहानं," ते म्हणाले. "कुनाच्यात जात न्हाई."

पंधरा दिवसांनी सगुणा वजनं घ्यायला वर आली. येसू चारशे ग्रॅमनं उतरली होती. तिला आता गोवर होणार नव्हता. पुस्तिकेत तसा शिक्काही होता.

ठकू सगुणाला झऱ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेली, बोलायला. "ताई, बायडा हितं थांबत न्हाई आता. उजाडायच्या आत पानी घिऊन जाती. माझं काय चुकलं, तेवढं इचारा की तिला."

येसू रडत नव्हती, नुसती चोखत होती, आपलीच मूठ. दुधाची पावडर मागवायला खाली जायचं म्हणजे उद्याच. सगुणाचं स्वतःचं दहा महिन्यांचं पोर गावात सासूपाशी होतं आणि सकाळपासून तिची चोळी ओली होती. तिनं हात पुढं केले. ठकूनं पोर दिलं.

येसूच्या अंगातलं विरजण कधीच निवलं होतं. तिच्याकडून आता कुणाला काही जाणार नव्हतं, कुठल्या भिंतीवर ओळ उमटणार नव्हती. प्रशिक्षणात हे सगुणानंच बायकांना शिकवलं होतं. तरी येसूला पदराआड घेण्याआधी ती थांबली आणि वाड्याकडून येणारी पायवाट तिनं खालपासून वरपर्यंत नीट निरखून घेतली.