गार वाफ

गाडी गॅरेजला न्यायची होती, एवढंच काम. ढगाळ दुपार होती. मास्तरांनी किल्ली फिरवली, इंजिन खोकत खोकत सुरू झालं, तशी त्यांनी स्टिअरिंगवर हलकी थाप मारली आणि हळूच म्हणाले, "उठलीस का गं?"

मागच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या बायकोनं तोंड खिडकीकडे वळवलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं. शाळेत चित्रकला शिकवणारा हा मवाळ माणूस तिच्याशी कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. पण तिला ते 'तुम्ही' म्हणत. 'गं' होता तो या जुन्या गाडीसाठी.

पुढची सीटही तिची नव्हती. मास्तरांच्या पहिल्या बायकोनं शेवटच्या आजारपणात मागे कलती केलेली ती सीट अजून तशीच होती, वर तिचा निळा स्कार्फ. "तुम्ही मागे बसा, ऐसपैस होईल," मास्तर म्हणत. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं, भांडी आपटता येतात. गेलेलीचं काय करणार? ती चुकत नाही, चिडत नाही, म्हातारीसुद्धा होत नाही.

गॅरेजमध्ये मिस्त्री गाडीच्या मागे उकिडवा बसला. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत होता आणि जमिनीलगत रेंगाळत होता.

"कधीपासून?"

"ह्या घरात आल्या, त्या आठवड्यापासून," मास्तर म्हणाले.

"थंडीची वाफ असती तर गाडी तापल्यावर गेली असती. हिला तापून अर्धा तास झाला. निळा धूर असता तर ऑइल म्हटलं असतं, काळा असता तर पेट्रोल. पांढरा म्हणजे पाणी जळतंय. आत भेग असेल, नाहीतर सांध्यातली पट्टी, गॅस्केट गेलंय. बाहेरून दिसायचं नाही, पण कुठेतरी पाणी मुरतंय खरं."

"मग इंजिन संपलंच म्हणायचं?" तिनं विचारलं. आवाजातली आशा तिची तिलाच ऐकू आली.

"इतक्यात तिरडी बांधू नका वहिनी," मिस्त्री हसला.

त्यानं ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. पाणी मिसळलं असतं तर तिथे साय धरली असती. साय नव्हती. मग त्यानं मास्तरांचा पांढरा रुमाल मागून घेतला आणि धुरात धरला. रुमाल भिजला, पण डाग पडला नाही. त्यानं वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रेडिएटरच्या पाण्यातलं कूलंट जळलं की गोडसर वास येतो. हा... हा तसा नाही."

मास्तरांनी रुमाल नाकाशी नेला. डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. तिनं तो त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. नुकत्याच धुतलेल्या, ओल्या केसांचा वास होता तो. मास्तरांनी रुमाल परत घेतला, नीट घडी केली आणि वरच्या खिशात ठेवला.

"असू द्या चालू," मिस्त्री म्हणाला. "मी आत जुनं गॅस्केट आहे का बघतो. मास्तर, जरा या. आणि वहिनी, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत उकळतं पाणी आहे, तोंड भाजून निघेल."

दोघं मागच्या खोलीत गेले. डब्यांचा खडखडाट आणि मिस्त्रीचा आवाज येत राहिला. "मोठ्या वहिनी गाडीशी गप्पा मारायच्या, आठवतं?" आणि मग मास्तरांचं हसणं. असं मोकळं हसणं तिनं घरात कधी ऐकलं नव्हतं.

तिच्या मनात एकच गोष्ट आली. पाणी उडून गेलं की कोरडं इंजिन जाम होईल. मग ही भंगारात जाईल... सीटसकट.

तिनं पुढचं दार उघडून निळा स्कार्फ उचलला, हाताला गुंडाळला, आणि मान मागे करून झाकण फिरवलं.

वाफ उसळली. तिनं डोळे घट्ट मिटले.

भाजलं नाही. वाफ गार होती... विहिरीतल्या हवेसारखी. ती वर गेली नाही, पसरली नाही. तिच्या तोंडाकडे वळली. घाबरून तिनं श्वास ओढला, आणि सगळी आत गेली.

माणसं परत आली तेव्हा झाकण जागेवर होतं, स्कार्फ सीटवर. सायलेन्सरमधून काहीच येत नव्हतं. मिस्त्रीनं गाडी बंद केली, निवू दिली, मग झाकण उघडून बॅटरीचा उजेड टाकला.

"ठणठणीत कोरडा. खाली थेंब नाही, वर थेंब नाही. पाणी गेलं कुठे?" त्यानं तिच्याकडे पाहिलं. "झाकण उघडलं होतंत का वहिनी?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. बोलायला तोंड उघडावंसं वाटेना.

मिस्त्रीनं पाणी भरून दिलं. येताना मास्तरांनी किल्ली फिरवली, थाप मारली, पण काही बोलले नाहीत. नुसते ऐकत राहिले, हाक मारल्यावर घरात कुणी नसावं तसे. गाडी मुकाट चालली, इतर कुठल्याही गाडीसारखी. मागे बसलेल्या तिला वाटलं, जिंकले. मग का कोण जाणे, ओले केस मानेला चिकटल्यासारखं वाटलं. हात लावून पाहिला, तर अंबाडा कोरडा होता.

सकाळी ती चहा करत होती. खिडक्या बंद, शेगडी पेटलेली, कपाळावर घाम. तिनं जांभई दिली आणि तोंडातून पांढरी वाफ निघाली. ती विरली नाही, ओट्यावर रेंगाळली. तिनं तोंडावर पदर धरला. बोटांमधून वाफ येतच राहिली.

दारात मास्तर उभे होते. ते घाबरले नव्हते. पुढे येऊन त्यांनी तिचा पदर हळूच बाजूला केला, डोळे मिटून वास घेतला, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या खांद्यावर हलकी थाप मारली.

"उठलीस का गं?"

याच एका शब्दासाठी ती वर्षभर झुरली होती. तिला ओरडायचं होतं, अहो, मी ती नव्हे... मी...

पण तिच्या आधीच तिच्या तोंडून, जरा खालच्या, दमलेल्या आवाजात उत्तर गेलं,

"हो. माझी सीट कुणी सरळ केली नाही ना?"