बोगद्याची सुनावणी

दिवा राहू दे तसाच. डोळ्यांवर येत असेल तर जरा बाजूला सरकवा, पण विझवू नका.

तुम्ही विचारताय त्या टेपच्या रिळांचं काम माझ्याकडे आलं ते अगदी रोजच्यासारखं. पाटबंधारे खात्याला तळघर रंगवून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी तिथली टेपची जुनी खोकी रद्दीत काढली. आमच्या मॅडमना ते कुठूनतरी कळलं आणि त्या भर दुपारी टेम्पो घेऊन खात्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मॅडम म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या प्रमुख. सरकारी अहवाल, आयोगांची कागदपत्रं, नकाशे, जे जे कोणाला नको असतं ते सगळं आम्ही जपतो, त्याच्या प्रती करतो आणि वेबसाइटवर टाकतो. कोणीही, कुठूनही, फुकट बघावं. "लोकांच्या पैशाने लिहिलंय ना? मग लोकांना वाचू दे," असं त्या म्हणायच्या. आवाज खणखणीत. शांतता राखा अशा पाटीखाली बसून त्या सगळ्यांत मोठ्याने बोलायच्या.

मी तिथे आवाजाचं काम करतो. आधी नाट्यगृहात होतो. जुन्या टेप स्वच्छ करायच्या, जपून वाजवायच्या आणि संगणकावर उतरवून घ्यायच्या. माझी खोली वरच्या मजल्यावर, पूर्वी वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायचे तिथे. खिडकी नाही. भिंतींना जाड फोम. दार लावलं की स्वतःचं गिळणंही कानाला कळतं.

रिळं येऊन थोडे दिवस झाले असतील, तेव्हा एक मावशी आल्या. शिवणकाम करणाऱ्या, ब्लाउजला टोचलेल्या सुया तशाच घेऊन आलेल्या. त्यांच्या सुनेने त्यांना मोबाइलवर आमच्या वेबसाइटवरचा एक अहवाल वाचून दाखवला होता. धरणाचा बोगदा खणताना पाणी शिरलं आणि आतले मजूर बुडाले, त्या चौकशीचा. पुढच्या वस्तीत पाणी घुसू नये म्हणून बोगद्याचं लोखंडी दार बाहेरून बंद केलं होतं. आत कोणी जिवंत आहे हे कळायला मार्ग नव्हता, कारण टेलिफोन पहिल्याच धक्क्याला बंद पडला होता, असं त्यात छापलंय.

"त्या टेलिफोनवर माझी आई होती," मावशी म्हणाल्या. "ती आयुष्यभर सांगत राहिली की संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलत होते. नोकरी गेली तिची. लोक वेडी म्हणायचे. शेवटी शेवटी तर तिलाच वाटायला लागलं की आपलंच काहीतरी चुकतंय." मग त्यांनी विचारलं, "तिचं बोलणं कुठे असेल का हो? छापलेलं नको. तिचं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. टेम्पोतल्या खोक्यांवर त्याच चौकशीचा शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी हेडफोन लावले. आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज, कोणाचा तरी खोकला, मोठ्या दिवाणखान्यासारखा घुमारा. मग चौकशी आयोगाचे अध्यक्ष बोलले. आवाज गोड होता हो. खरंच गोड. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसा.

"टेलिफोन बंद होता, असं आमच्याकडे लेखी आलंय."

"मग मी कोणाशी बोलत होते, साहेब?" बाईचा आवाज. तरुण, घाबरलेला, पण स्पष्ट.

"हे नोंदीत घेऊ नका," अध्यक्ष म्हणाले.

त्यावर तेव्हा रेकॉर्डिंग थांबवायला हवं होतं. ते कोणी थांबवलं नव्हतं. नुसती खरखर ऐकू येत राहिली… बराच वेळ. मी आवाज वाढवला. आणि तेव्हा अध्यक्ष, अगदी शांतपणे:

"मागे कोण बसलंय?"

मी हसलो. प्रेक्षकांत कोणीतरी असेल.

"तुम्हीच. कानाला लावून बसलेले. उठा."

मी उठलो. का उठलो ते विचारू नका. शाळेत उठायचो तसा, गुडघ्यांनीच उठवलं.

"नाव?"

आणि मी नाव सांगितलं.

मग माझं मलाच हसू आलं. उकाडा, पोटभर जेवण, लागला असेल डोळा. टेप मागे घेऊन पुन्हा वाजवली. "नाव?" असं अध्यक्षांनी विचारलं, आणि त्या दिवाणखान्यात, त्याच घुमाऱ्यात, माझ्या आवाजात माझं नाव आलं. खोलीत डांबरगोळ्यांचा वास सुटला होता. पेटीत वर्षानुवर्षं पडलेला कोट अंगावर चढवल्यावर येतो तसा. तेव्हापासून मी कोणालाही माझं नाव सांगत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत, बरं केलंत.

मॅडमनी ते ऐकलं आणि माझ्यावर ओरडल्या. "मूळ टेपवर रेकॉर्ड केलंस? अक्कल गहाण ठेवलीस का?" मी त्यांना यंत्र उघडून दाखवलं. त्यात रेकॉर्डिंगची सोयच नाही. ते फक्त वाजवतं. त्यांनी स्वतः बटणं दाबून पाहिली. मग दार लावून घेतलं, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "लाव. स्पीकरवर."

पुन्हा ती खरखर. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"आज सोबत कोणी आहे."

मी मान हलवून मॅडमना खुणावलं, बोलू नका.

"बाई, तुम्हाला विचारतोय. हे ऐकायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?"

पण मॅडमना असं कोणी विचारलं की त्यांच्याने राहवायचंच नाही. "परवानगी कसली?" त्या कडाडल्या. "हा सरकारी दस्तऐवज आहे. कोणीही ऐकेल!"

स्पीकरमधून कोणीतरी किंचित हसलं.

"बाईंचं बोलणं नोंदीत घेऊ नका."

मॅडम माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले. आवाज आला नाही. मला वाटलं माझ्याच कानांना काहीतरी झालं. त्या खोकल्या, तेही ऐकू आलं नाही. मग त्यांनी टेबलावर हात आपटला. तो मात्र ऐकू आला…

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. सगळं ठणठणीत, म्हणाले. तिसऱ्या दिवशी मॅडम कामावर आल्या त्या पाठकोरे कागद आणि पेन्सिल घेऊन. माझ्यासमोर त्यांनी एकच शब्द लिहिला: "चढव."

मी नाही चढवलं वेबसाइटवर. मला बायको आहे, मुलगी आहे. घरी मी गप्प गप्प असायचो. बायको म्हणायची, "बोलायचे पैसे पडतात का तुम्हाला?" तिला काय सांगणार? रीळ कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. मावशी चौकशीला आल्या तेव्हा सांगून टाकलं, "टेप खराब निघाली, मावशी. काही ऐकू येत नाही."

त्या रागावल्या नाहीत. पदर नीट केला, पिशवी उचलली. "असू दे. फोनही खराब होता म्हणे," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. गुडघे दुखत असणार. दर पायरीला दोन्ही पाय टेकवत होत्या. त्या खालच्या मजल्यावर पोचायच्या आत मी कपाट उघडलं होतं.

टेप उतरवून घ्यायची म्हणजे ती एकदा पूर्ण वाजवावी लागते आणि शेजारी बसावं लागतं. जुनी फीत केव्हाही तुटते. मी रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला आणि बटण दाबलं.

"आलात," अध्यक्ष म्हणाले.

मी फितीवर नजर ठेवली.

"घरी कोण कोण असतं?" प्रत्येक प्रश्नानंतर ते थांबत. उत्तरापुरते. "मुलगी कितवीत आहे? … घरी एकटी येते, की कोणी आणायला जातं?"

डांबरगोळ्यांचा वास इतका दाट झाला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज आता यंत्रातून येत नव्हता. खुर्चीच्या पाठीवर कोणीतरी हात ठेवून वाकलं होतं. लाकूड करकरलं, माझा तोल मागे गेला. कानाशी गार श्वास लागत होता. "एवढंच सांगा. मग जाऊ देतो तुम्हाला." मी मागे वळलो नाही. रुमालात दात रुतवून बसलो.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी उत्तर मिळत नाही म्हटल्यावर ते गप्प झाले. आणि त्या खरखरीतून, जणू ती बाई इतका वेळ तिथेच उभी होती, तसा आवाज आला.

"साहेब, मी बोलू?"

कोणी नको म्हटलं नाही.

"ते म्हणत होते, ताई, पाणी छातीशी आलंय, दार उघडायला सांगा. मी दुसऱ्या लाइनवर मोठ्या ऑफिसात विचारलं. तिथले साहेब म्हणाले, दार उघडायचं नाही. आणि टेलिफोन बंद आहे असं लिही. नाव नाही सांगितलं त्यांनी. आतली माणसं पुन्हा विचारत होती, ताई, काय म्हणाले? … मी म्हटलं, उघडतायत. दुसरं काय सांगू, साहेब? उघडतायत, उघडतायत, असंच म्हणत राहिले. मग कोणी विचारेना." तिने श्वास घेतला. "मी टेलिफोनवाली. माणूस विसरेन, पण आवाज विसरत नाही. त्या दुसऱ्या लाइनवरचा आवाज मी आत्ता समोर ऐकतेय. ते तुम्ही होतात."

खुर्च्या धडाधड सरकल्या. फीत संपली. माझ्या खुर्चीची पाठ सुटली आणि मी पुढे टेबलावर आदळलो.

ते रेकॉर्डिंग वेबसाइटवर टाकायच्या आधी मी मॅडमना म्हटलं, मधले ते प्रश्न कापतो. लोकांना कशाला? मॅडमनी कागदावर ठळक लिहिलं, "कापायचं नाही. आहे तसं." त्यांचा तो नियमच. खात्याने कापलं, आयोगाने कापलं. आपणही कापलं तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

मावशींनी ते वाचनालयात बसून ऐकलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर धरून, डोळे मिटून. अध्यक्षांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, असं मी त्यांना बजावलं होतं. पण त्यांना तो आवाज ऐकूच आला नाही बहुतेक. संपल्यावर म्हणाल्या, "तिला सर्दी झाली होती बघा. नाकात बोलतेय." आणि मग रडल्या. आता त्या रोज येतात. शिवणाचं काम आणतात, काज-बटणं करतात आणि आई ऐकतात.

वर्तमानपत्रांत आलं. लोक फोन करून आभार मानू लागले. मॅडमचा आवाज काही आला नाही, पण त्यांच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला, आणि ती पत्रं त्या मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायच्या. वेबसाइटवर मी रेकॉर्डिंगच्या वर लाल अक्षरांत सूचना टाकली: कृपया मध्ये बोलू नये. लोकांना ती गंमत वाटली.

मॅडमना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या केबिनमधला फोन मीच घेतो. परवा दुपारी त्यावर एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. इतिहास शिकवतात. आनंदात होत्या.

"वर्गात लावलं मी तुमचं ते बोगद्याचं. मुलं इतकी गुंगली! एरवी दंगा नुसता. त्या साहेबांनी विचारलं की एकेक उठून उत्तर देत होतं. मी म्हटलं, वा, नाटकच झालं."

"काय विचारलं त्यांनी?"

"नावं विचारली. घरचं विचारलं. आणि… तुमच्या वर्गाचं दार बाहेरून बंद होतं का, असं काहीतरी."

"मुलं काय म्हणाली?"

"हो म्हणाली. मी लोटलं होतं ना, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

"बाई, मुलं आत्ता कुठे आहेत?"

"वर्गात. पुन्हा ऐकायचं म्हणून हट्ट धरलाय, लावून आलेय…"

"जा," मी ओरडलो. "आधी जाऊन बघा!"

त्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवला असावा. चपलांचा आवाज लांब गेला. मी कान लावून बसलो. समोर संगणकावर ते रेकॉर्डिंग उघडं होतं, शेजारी काढून टाकण्याचं बटण. ते दाबलं की सगळं थांबलं असतं… आणि अध्यक्षांना हवं होतं तेच झालं असतं. केबिनच्या काचेतून खाली वाचनालय दिसत होतं. मावशी हेडफोन लावून बसल्या होत्या, सुईत दोरा ओवत.

बाई परत आल्या. धापा टाकत होत्या, जरा चिडल्याही होत्या.

"काय हो, घाबरवलंत उगाच. कडी लागली होती बाहेरून. वाऱ्याने लागली असेल. मुलांना पत्ताही नाही. सगळी गुपचूप बसलीत हाताची घडी घालून." त्या हसल्या. "म्हणतायत, साहेबांनी सांगितलंय, पुढची सुनावणी आमच्याच वर्गात घेणार. मला विचारतायत, सुनावणी म्हणजे काय? काय सांगू त्यांना?"