दीड बोट पुढं

धोंडीराम तोडकरांनी काचेचा ग्लास काठोकाठ चहानं भरून घेतला आणि स्टिअरिंगशेजारच्या फळीवर तसाच ठेवून दिला. वर झाकण नाही, खाली फडकं नाही. करवंदी घाटाची पहिली तीन वळणं गेली तरी एक थेंब सांडला नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षं घाटात फक्त बस थांबवूनच चहा प्यायला, त्याला हे बघून आनंद व्हायला हवा होता. पण तोडकर इतके शिणले होते, की आनंदसुद्धा करायला त्राण नव्हतं.

"मामा, सांडला का?" कंडक्टर यशोदा भोईटेनं मागून विचारलं.

"सांडतोय कशाचा! चहा पण झोपलाय मेला."

झोपले तर सगळेच होते. दुपारचे तीन वाजले होते, बसमध्ये अडतीस माणसं होती आणि त्यातली निम्मी घोरत होती. पूर्वी या घाटात लोक पिशव्या तोंडाशी धरून बसायचे.

ही करामत पाळण्याची. कागदावर त्याचं नाव 'निश्चल कक्ष'. डेपोतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचा पाळणा केला. ड्रायव्हरची केबिन आणि प्रवाशांची बैठक मिळून एक मोठी पेटी, ती बसच्या सांगाड्यात सांध्यांवर टांगलेली. बसनं ब्रेक मारला, की पेटी पुढून उचलायची. वळण आलं, की आतल्या बाजूला कलायची. त्यामुळे कुठलाही हिसका माणसाला पुढं किंवा बाजूला ढकलायचा नाही, नुसता खाली खुर्चीत दाबायचा.

पाळणा बनवणाऱ्या इंजिनिअर ऋजुता कारखानीस आज तोडकरांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. चाचणीची ही आठवी आणि शेवटची फेरी. खाली उतरल्यावर तोडकरांनी अहवालावर सही केली, की घाटातल्या चाळीसच्या चाळीस बसना पाळणे बसणार होते. नाही केली, तर तोडकरांना नोकरीची उरलेली दोन वर्षं जुन्या खडखड्या बसवर काढायची होती.

आणि तोडकरांच्या मणक्याच्या दोन चकत्या झिजल्या होत्या. सकाळी चपला घालायलासुद्धा त्यांना बायकोचा हात लागायचा. पाळण्याच्या पहिल्या फेरीनंतर त्या रात्री ते कित्येक वर्षांनी पाठीवर झोपले, आणि उठल्यावर बायकोसमोर चक्क रडले. सही तर त्यांनी मनातल्या मनात तेव्हाच करून टाकली होती.

"मामा, अहवालात एक प्रश्न आहे," ऋजुता म्हणाल्या. "बस चालवताना काही चुकल्याचुकल्यासारखं वाटतं का?"

"कंबर दुखत न्हाई, तेच चुकल्यासारखं वाटतंय."

त्या हसल्या. "शरीराला वेग कळतच नाही मुळी. गाडी ऐंशीच्या वेगानं सरळ, एकसारखी चालली, तर अंगाला ती आणि घरचा पलंग सारखाच. अंगाला कळतं ते त्वरण. म्हणजे वेग किती भरभर बदलतोय ते. आणि तेच आम्ही अंगापर्यंत पोचू देत नाही."

"म्हंजे हिसका."

"हो, हिसका."

"मग तसं म्हणा की बाई. एवढ्याला त्वरण कशाला?"

ऋजुतांची नजर पुढच्या काचेकडे गेली. काचेच्या आतल्या बाजूला, पेटीच्या बाहेर, सांगाड्याला एक उभा लोखंडी गज होता. त्या गजाच्या वरच्या टोकाला लिंबू-मिरची बांधलेली होती.

"हे केबिनमध्ये होतं ना? देवाच्या फोटोपाशी. चाचणीच्या बसमध्ये आम्ही तिथंच बांधायला सांगितलं होतं."

"व्हतं. मी शनिवारी ताजं बांधताना हलवलं. फोटोपाशी ते कायम सरळच लटकायचं. आपल्याबरोबर ते पण पाळण्यात! काय कामाचं?"

"नजर लागू नये म्हणून बांधतात ना?"

"लोक बांधत असतील. मला हसनचाचांनी शिकवलं, माझे वस्ताद. घाट उतरताना लिंबू गजापास्नं दीड बोट पुढं पाहिजे. बस कशी का खडखडेना, ते दीड बोटाच्या आसपासच डुलणार. पण गजाला समांतर लागलं, की समजायचं, ब्रेकनं हात सोडला. आणि लिंबू दर शनिवारी बदलायचं. वाळलेलं हलकं हुतं, मग ते खोटं बोलतं."

ऋजुतांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी वहीत एक उतार काढला, त्यावर बस आणि बसमध्ये दोरा. ब्रेक नीट धरतोय, बस एकाच वेगानं उतरतेय: दोरा जमिनीकडे सरळ, बसचं नाक खाली, म्हणून लिंबू पुढं. ब्रेक सुटला: बस आणि लिंबू एकाच ओढीनं, बरोबरच खाली निघाले. मग लिंबानं पुढं जायचं तरी कशाला? त्यांची पेन्सिल थांबली.

"अगं बाई! बरोबर आहे की हे."

"हसनचाचा चौथी नापास व्हते," तोडकर म्हणाले.

पाचव्या वळणानंतर धुकं आलं. आधी कठडा गेला, मग झाडं गेली, शेवटी काचेबाहेर नुसतं पांढरं. तोडकरांना त्याची काळजी नव्हती. उतारावर बसची मोटरच उलटा जोर लावून बस धरून ठेवायची आणि रस्त्यात पुरलेली तार ओळखून स्टिअरिंग आपलं आपण वळायचं. ड्रायव्हरनं फक्त बघत बसायचं. समोरच्या पट्टीवर वेगाचा आकडा अठ्ठावीस होता. अंग पलंगावर पडल्यासारखं स्वस्थ होतं. तोडकरांचे डोळे जड झाले. चहा घ्यावा म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि सवयीनं गजाकडे पाहिलं.

लिंबू गजाला समांतर होतं.

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. अठ्ठावीस. परत लिंबाकडे पाहिलं. ते थोडं थरथरत होतं, पण पुढं जात नव्हतं. अंग सांगत होतं काही झालेलं नाही, आकडा सांगत होता काही झालेलं नाही, आणि चारआण्याचं लिंबू एकटंच वेगळं सांगत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तोडकरांना स्वतःच्या अंगाची भीती वाटली.

"बाई, घट्ट धरा!"

त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं आणि पायाचा ब्रेक दाबत नेला. एकदम दाबला तर चाकं घसरणार, हे पाय अजून विसरले नव्हते. लिंबू पुढं सरकलं. एक बोट, दोन, चार. मग हातब्रेक. त्यांनी डावीकडच्या डोंगराचा अंदाज घेतला आणि बस गटाराच्या मऊ मातीत घातली. पत्रा खरवडल्याचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा आला. पेटी पुढून उचलली, मग सावकाश खाली आली. बस थांबली.

ऋजुता उतरून पुढं चालत गेल्या. वीस पावलांवर सहावं वळण होतं. तिथं पावसानं रस्त्याची कड खचली होती, कठडा नव्हता आणि खाली काही दिसत नव्हतं. त्या परतल्या. त्यांनी लॅपटॉप जोडला आणि चाकांच्या नोंदी तपासल्या.

"मोटरचा ब्रेक आणि वेगाचा आकडा, दोन्ही एकाच जोडणीवर आहेत. ती जोडणीच निसटली. आकडा जुनाच दाखवत राहिला. आपण बासष्टवर होतो, मामा."

"मला अठ्ठावीस वाटले असते, तर बरं. मला काहीच वाटलं न्हाई."

मागून यशोदा आली. आवाज तिनं मुद्दाम हळू ठेवला होता. "मामा, दोघंच जागे झालेत. ते आजोबा विचारतायत, स्टँड आला का म्हणून. काय सांगू?"

तोडकरांनी फळीवरच्या ग्लासाकडे पाहिलं. चहा काठोकाठ होता. त्यांनी तो उचलून खिडकीतून ओतून दिला.

"सांग, अजून न्हाई."

ऋजुतांनी अहवालाचा कागद बाहेर काढला आणि तसाच मांडीवर ठेवला. "जोडण्या मी वेगळ्या करीन. ते सोपं आहे. पण उद्या दुसरंच काहीतरी निसटेल, आणि तेव्हाही तुमचं अंग झोपलेलंच असेल. पाळण्याला थोडा हिसका आत सोडायला सांगता येतो मला. सगळा नाही. ड्रायव्हर जागा राहील, एवढाच."

"तेवढ्यानं चकत्या झिजतील?"

"झिजतील. आधीपेक्षा कमी. पण झिजतील."

तोडकर उतरायला उठले. सवयीनं त्यांचा हात कमरेमागं गेला. तिथं काहीही दुखत नव्हतं. त्या न दुखण्याचा त्यांना इतका मोह झाला, की ते परत खाली बसले. बाहेर धुकं तसंच होतं. गजावर लिंबू दीड बोट पुढं, गपगार लटकत होतं.

ऋजुतांनी लॅपटॉपवरची हिसक्याची रेघ बोटानं शून्यावरून जराशी वर सरकवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"चाळीस बस आहेत, मामा. आकडा मला टाकायचाय, पण कंबर तुमची आहे. किती दुखू देऊ?"