खोबरेल गोठण्याचा मोसम

खऱ्या प्रेमाला ऋतू नसतो. प्रणिताच्या प्रेमाला होता — मार्गशीर्ष ते माघ. आणि त्यातही ऊन वर येईपर्यंतच.

सुरुवात बर्फीपासून झाली. बर्फी ही उमाकाकूंची शिट्झू कुत्री. नेरळच्या नव्या टॉवरांमधल्या कुत्र्यांचे केस कापण्याचं दुकान प्रणिताने थाटलं होतं. त्या गारठलेल्या सकाळी बर्फीची डावी बाजू कापून झाली आणि मशीन गुरगुरून बंद पडलं. उजवी बाजू तशीच. आरशात पाहून बर्फीने मान फिरवली.

साजगावहून जितेश आला. तो कारखान्यांच्या सुऱ्या-कातऱ्यांना धार लावायचा. हेल्मेट काढून त्याने केसांवरून हात फिरवला... प्रणिताने पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

त्याने मशीनचं पातं सोडवलं, त्यावर बोट फिरवलं, बोट हुंगलं.

"मॅडम, यात काय घातलंय?"

"तेल."

"कसलं?"

"...खोबरेल."

तो हसला. हसताना त्याला खळी पडायची. धंद्याच्या दृष्टीने ही माहिती निरुपयोगी होती; प्रणिताने ती लक्षात ठेवली.

"अवो, पात्याची काय वेणी घालायचीय? थंडीत गोठतंय हे, केसं धरून बसतंय. हे बघा —" त्याने ब्रशने केस झाडले, मशीनच्या पातळ तेलाचे दोन थेंब दातांवर सोडले, क्षणभर मशीन चालवलं, उरलेलं तेल फडक्याने टिपलं. "झालं. काम आटपलं की रोज एवढंच करा. मग मला बोलवायची पाळीच येनार नाय."

हे शेवटचं वाक्य त्याने म्हणायला नको होतं.

प्रणिता सगळं नीट शिकली, आणि त्यातलं काहीही केलं नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना ती पात्याला खोबरेल लावायची — अगदी मायेने, प्रत्येक दाताला. सकाळी मशीन अडकायचं. जितेश यायचा.

"परत खोबरेल?"

"विसरले."

"केवढं विसरता वो तुमी!"

"सगळंच नाही विसरत..."

त्याचे कान लाल झाले. पातं परत देताना बोटांना बोटं लागली, आणि कुणालाच घाई नव्हती.

"तुमच्या पात्याचा जीव जडलाय वाटतं माज्यावर," तो म्हणाला.

"पात्याचाच... कशावरून?"

त्या दिवशी तो चहा पिऊन गेला, आणि पुढे प्रत्येक वेळी पिऊ लागला.

माघ सरताना तो न बोलावता आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. प्रणिताने हळूच केस सारखे केले.

"साखरपुडा झाला माजा," तो म्हणाला. "शेलूची रिया. तिचं पन कुत्र्यांचंच दुकान हाय."

प्रणिताने पेढा घेतला. हातात काहीतरी हवं होतं.

"खूप वेळा जात असाल... तिच्याकडे."

"छ्या! एकदाच गेलतो. एकदा सांगितलं, तर रोज दोन थेंब घालते. परत बोलवलंच नाय." त्याच्या आवाजात आदर होता. मग तो अडखळला. "खरं सांगू? आधी घरी तुमचंच नाव काढलंवतं. आई म्हनली, इतक्यांदा सांगून जिला तेल घालायचं ध्यानात राहत नाय, ती संसार कसा करनार? मला बोलताच येईना..."

"मी विसरत नव्हते, जितेश." तिने मान वर केली. "मुद्दाम करत होते. तुम्ही यावं म्हणून."

तो टेबलावरच्या पात्याकडे पाहत, दुखावल्यासारखा म्हणाला,

"मुद्दाम? ...पात्याला?"

आणि हेल्मेट घालून गेला.

चैत्रात एका संध्याकाळी, काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही, प्रणिताने पात्याला पुन्हा खोबरेल लावलं. सकाळी फोन हाताशी ठेवला, बर्फीला टेबलावर घेतलं, बटण दाबलं.

मशीन छान चाललं. उन्हाळ्यात खोबरेल गोठत नाही.