आवडाबाईंचं शेवटचं पान

ब्रह्मपुरीच्या एका वाचनालयात बायनाबाई झाडझूड करायची, माठात पाणी भरायची. सत्याऐंशी साली दिवाळीनंतर तिला विषमज्वर झाला आणि डोक्यावरचे केस पार झडून गेले. पदर घट्ट ओढून ती कामावर परतली, त्याच आठवड्यात अध्यक्ष वामनराव सरांनी तिला बोलावलं.

"बायना, पदर जरा मागे घे."

तिने बिचकत घेतला. सर खूश झाले. शंभर वर्षांपूर्वी कादंबरी लिहिणाऱ्या आवडाबाईंचा शताब्दी सोहळा रविवारी होता. आवडाबाई केशवपन केलेल्या विधवा. त्यांचा फोटो कुठेच नव्हता, म्हणून स्टेजवर त्यांच्या जागी कुणालातरी बसवायचं होतं.

"तू विधवाच आहेस, डोकंही तयार आहे. लाल लुगडं नेसून, हातात टाक धरून बसायचं."

"सर, मले लिहिता येत नाई. लोकं हासतीन."

"हसू देत. नाही म्हणालीस तर सोमवारपासून येऊ नकोस."

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. बाहेर कडक ऊन होतं, पण स्टेजवर बायनाबाईला हुडहुडी भरली. मागच्या बाकांवरून "टकली, टकली" ऐकू येत होतं. वामनराव माईकवर सांगत होते, आवडाबाईंची अर्धीच कादंबरी छापली गेली. उरलेले कागद दिराने चुलीत घातले आणि त्यांची उजव्या हाताची बोटं उखळात धरून मुसळाने ठेचली.

लोक हळहळले. तेवढ्यात बायनाबाईच्या मनगटाला काहीतरी थंड, ओलसर लागलं. जळक्या कागदाचा वास आला. तिचा हात आपणहून दौतीकडे गेला, टाक बुडाला आणि कोऱ्या कागदावर झरझर चालू लागला.

सरांनी वाकून वाचलं. त्यांचा आवाज चिरकला. "ही... ही पुढची कादंबरी आहे!"

टाळ्यांनी हॉल दणाणला.

"सर, हात थांबूनच नाई राह्यला..."

"थांबवू नकोस! कागद आणा रे!"

स्टेजवरून तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे ती तीन दिवस लिहीत होती. वाचनालयात अभ्यासाला येणारी, वसतिगृहातली सुकरी तिला भात भरवायची. दुसऱ्या दिवशी बायनाबाईची नखं काळीनिळी पडली, बोटं सुजून फाटली. जणू त्यांच्यावर मुसळाचे घाव पडत होते. सुकरीने टाक ओढून घ्यायला हात घातला, तसं वामनरावांनी तिला दंड धरून बाहेर काढलं.

"मावशीले दवाखान्यात न्या ना, सर!"

"आधी शेवट येऊ दे," म्हणून त्यांनी कडी लावली.

दिवेलागणीला बायनाबाई एकटीच होती. ती हवेत बघत पुटपुटली, "बाई... मीबी तुमच्यासारखीच आहो. माह्यं पोट या हातावर आहे... सोडा मले."

हात थांबला. कानाशी कुणीतरी लांब श्वास घेतला. बाईंनी ऐकलं, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. मग तिच्या बोटांवरची पकड आणखी आवळली गेली. हाडं मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. टाक पुन्हा चालू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी टाक गळून पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हात कोणत्या मशीनमध्ये सापडला? चार बोटं काढावी लागली.

पुस्तक निघालं, त्यावर संपादक म्हणून वामनरावांचं नाव. वरोऱ्यात त्यांचा सत्कार झाला, मग चंद्रपुरात. बायनाबाईला मेहरबानी म्हणून कामावर ठेवलं. ती डाव्या हाताने झाडू मारायला शिकली.

आठ महिन्यांनी सरांचं कपाट पुसताना तिला तळाच्या कागदाखाली दडवलेलं एक पान सापडलं. तिने ते सुकरीला दाखवलं.

"पोरी, पुस्तकात आहे का हे?"

सुकरीने वाचलं आणि तिच्याकडे बघतच राहिली.

"सांग ना. काऊन अशी पाहून राह्यली?"

"पुस्तकात नाई, मावशी. कादंबरी संपलीच नाई... खाली एवढंच आहे." तिने शेवटची ओळ वाचली. "'उजवा हात पुरला नाही. आता डावा द्यावा.'"

बायनाबाईने डावा हात पदराखाली ओढून घेतला. सुकरीने पान घाईघाईने खाली ठेवलं. तिच्या अंगठ्याला ओली शाई लागली होती.